घाटात मऊ झालेलं पेडल

भाऊबीज उरकून आम्ही पुण्याहून निघालो ते दुपारी तीनला. गाडीत मी, आई, माझी मुलगी आणि भाचा. डिकीत फराळाचे डबे, चार बॅगा आणि वहिनीने आग्रहाने दिलेलं तांदळाचं पोतं. द्रुतगती मार्ग तुंबलेला असणार म्हणून लोणावळ्यानंतर जुना रस्ता धरला. खंडाळा मागे पडलं, उतार लागला. पुढे एसटी, तिच्या पुढे मालाने भरलेला ट्रक. गाडी चौथ्या गिअरमध्ये होती आणि मी ब्रेकवर पाय टेकवत टेकवत उतरत होते. पाचव्या की सहाव्या वळणावर पेडल नेहमीपेक्षा खोल गेलं. पुढच्या वळणावर आणखी खोल. पाण्याने भिजलेला स्पंज दाबावा तसं.

दोन-तीनदा भराभर पंप केल्यावर पेडल थोडं वर आलं. तिसरा गिअर, मग दुसरा; इंजिन ओरडलं, पण गाडी आवरली. शिंगरोबाच्या देवळाजवळ जागा मिळाली तिथे हँडब्रेक ओढून थांबले. पुढच्या चाकांतून जळका, उग्र वास येत होता. आईने काही विचारलं नाही. ती खाली उतरली, देवळापाशी नाणं टाकून हात जोडले आणि परत येऊन बसली. या घाटातून जाणारे ड्रायव्हर पिढ्यान् पिढ्या तेच करत आले आहेत. आम्ही पाऊण तास थांबलो. पेडल पुन्हा कडक झालं. खोपोलीपर्यंतचा उरलेला उतार मी दुसऱ्या गिअरमध्ये उतरले आणि घरी, विक्रोळीला कन्नमवार नगरात पोहोचेपर्यंत चाळीसच्या वर गेले नाही.

गाडी २०१३ची स्विफ्ट, पेट्रोल, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेली. बाबांनी निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली. ते गेले तेव्हापासून मी चालवते. पुढे डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी तबकडी, तिला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटतात; मागे ड्रम, म्हणजे फिरणारा डबा, त्याला आतून लायनर दाबतात. ब्रेक लागतात की नाही, याच्या पलीकडे मी कधी विचार केला नव्हता, आणि हे लिहिण्याचं मुख्य कारण तेच आहे. माझ्यासारखे पुष्कळ लोक असतील.

दुसऱ्या दिवशी गाडी आधी जिथे सर्व्हिसिंगला टाकत होते तिथे नेली. काउंटरवरच्या मुलाने वर्णन ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘पुढचे पॅड बदलून टाकू, संध्याकाळी घेऊन जा.’ चाक न काढताच. मी त्याला विचारलं, पॅड संपले असतील तर पाऊण तासाने पेडल पुन्हा बरं कसं झालं? त्याच्याकडे उत्तर नव्हतं. गाडी वळवून आमच्या वसाहतीच्या मागच्या मेस्त्रींकडे आणली. त्यांची एका गाळ्याची गॅरेज आहे, बाबा त्यांच्याकडेच जायचे.

मेस्त्रींनी पहिला प्रश्न विचारला तो मी विसरणार नाही. ‘ताई, पेडल मऊ पडलं होतं की कडक होतं आणि गाडी थांबत नव्हती?’

मऊ, म्हटलं.

‘मग पॅड नंतर बघू. आधी ऑईल.’

फरक असा आहे. पॅड अति तापले की त्यांची पकड जाते. पेडल पायाला कडकच लागतं, पण गाडी पुढे सरकत राहते. उतारावर ब्रेक तापल्यावर पेडल मऊ होऊन खोल जात असेल तर बहुधा ब्रेक ऑईल उकळलं आहे. द्रव दाबला जात नाही म्हणून पायाचा जोर थेट चाकापर्यंत पोहोचतो. त्याची वाफ झाली की बुडबुडे दाबले जातात आणि पाय नुसताच खाली जातो. थंड झालं की वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि पेडल वर येतं. पाऊण तासाचं कोडं सुटलं ते असं.

बॉनेट उघडून त्यांनी ऑईलच्या डबीवर टॉर्च मारला. नवं ब्रेक ऑईल फिकट पिवळं असतं. आमचं कोऱ्या चहासारखं झालं होतं. ते ऑईल हवेतली ओल शोषून घेतं, आणि मुंबईच्या हवेत शोषायला ओल किती आहे हे इथल्या माणसाला सांगायला नको. डॉट ३ प्रतीचं नवं, कोरडं ऑईल २०५ अंशांना उकळायला हवं, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की तोच आकडा १४० वर येतो. ही किमान मर्यादा. आमच्या गाडीत किती पाणी मुरलं असेल कोण जाणे. ग्लोव्ह बॉक्समध्ये बाबांची वही होती. पेट्रोल, हवा, सर्व्हिसिंग, सगळं ते किलोमीटरसकट लिहायचे. ‘ब्रेक ऑईल बदलले’ ही शेवटची नोंद ऑगस्ट २०१८ची निघाली. दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. म्हणजे सहा वर्षं ते तसंच होतं, आणि त्यातली पाच माझ्या हातातली.

मग गाडी जॅकवर चढली आणि एकेक चाक निघालं. पुढचं डावं चाक काढल्यावर मेस्त्रींनी कॅलिपर, म्हणजे पॅड दाबणारा चिमटा, सोडून दोन्ही पॅड माझ्या हातात दिले. आतल्या पॅडवर जेमतेम दोन मिलिमीटर मसाला, म्हणजे घासणारा थर, उरलेला, बाहेरच्यावर सहा. एकाच चाकाचे दोन पॅड इतके वेगवेगळे झिजले तर समजायचं की कॅलिपरच्या सरकत्या पिन अडकल्या आहेत. आमच्या गाडीतला कॅलिपर पिस्टनच्या (ऑईलच्या दाबाने पुढे सरकणाऱ्या दट्ट्याच्या) बाजूचा पॅड आधी डिस्कवर दाबतो आणि मग पिनांवर सरकून दुसऱ्या बाजूचा ओढून आणतो. पिन अडकली की तो सरकत नाही, आतला पॅड एकटाच राबतो आणि पाय उचलल्यावरही डिस्कला घासत राहतो. म्हणजे उतारावर ती डिस्क सतत तापतच होती. मेस्त्रींनी पिन ओढली तर ती निघेना. पक्कड लावून फिरवत काढावी लागली. तिच्यावरचं रबर फुगून मऊ झालं होतं. कोणीतरी कधीतरी तिथे साधं ग्रीस भरलं होतं. पेट्रोलियमचं ग्रीस या रबराला फुगवतं. तिथे सिलिकॉनचंच लागतं. एवढ्याशा डबीतल्या चुकीच्या ग्रीसने एवढं केलं.

मागचे ड्रम उघडले तेव्हा मेस्त्री गप्प झाले. उजव्या बाजूचा व्हील सिलिंडर, म्हणजे ऑईलच्या दाबाने लायनर ढकलणारा भाग, पाझरत होता आणि लायनर ओले झाले होते. ओला लायनर कितीही पुसला तरी उपयोग नसतो, तेल मसाल्यात मुरलेलं असतं. मागचं एक चाक जवळजवळ काहीच काम करत नव्हतं आणि त्याचा भार पुढच्या डिस्कवर येत होता. ड्रममधली काळी धूळ साफ करताना पोऱ्याने हवेचा पाइप उचलला तर मेस्त्रींनी त्याचा हात धरला. जुन्या लायनरमध्ये फुप्फुसांना घातक ॲस्बेस्टॉस असायचं आणि आजही कुठल्या लायनरमध्ये काय आहे हे डोळ्यांना कळत नाही. ती धूळ ओल्या फडक्याने आणि ब्रेक क्लीनरने काढायची, फुंकायची नाही. त्यांच्या उस्तादाला दमा होता, एवढंच ते म्हणाले.

शेवटी डिस्क. डिस्कच्या कडेवर किमान जाडी कोरलेली असते. आमच्या डिस्कवर १८ मिलिमीटर. मेस्त्रींनी गंज खरवडून तो आकडा मला दाखवला आणि मायक्रोमीटर लावला, कारण कडेला न झिजलेली ओठासारखी कडा असते आणि साध्या व्हर्नियरने मोजलं तर तीच मोजली जाते. डावी १७.६, उजवी १८.१. म्हणजे लेथवर घासून चालण्यासारखी एकही नाही. आणि डिस्क, पॅड, लायनर, जे बदलायचं ते दोन्ही बाजूंना जोडीनेच, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते.

पुढचे पाच-सहा दिवस गाडी बंद आणि घरात फक्त ब्रेकचा विषय. भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, गाड्यांचं त्याला मनापासून वेड. तो म्हणाला, ‘आत्या, आता सगळं बदलतेच आहेस तर अपग्रेड कर ना. भोकांच्या मोठ्या डिस्क, मोठे कॅलिपर, मागेही डिस्क बसवून टाकू.’ मला तो विचार पटण्यासारखा वाटला. घाटातली ती दोन वळणं डोळ्यांसमोरून जात नव्हती. पैसे गेले तरी चालतील, पण जे लावू ते सगळ्यांत दणकट असावं, असं मनात होतं.

आम्ही दोघांनी एका रात्री जेवणानंतर हिशेब मांडला. खंडाळ्यापासून खोपोलीपर्यंत घाट साधारण ५०० मीटर उतरतो. तेवढ्या उंचीवरून गाडी खाली आणायची तर जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, ती ताशी ८० किलोमीटर वेगातली गाडी जागच्या जागी थांबवायला लागणाऱ्या ऊर्जेच्या वीसपट भरते. गंमत म्हणजे गाडीचं वजन कितीही धरा, हे गुणोत्तर तेच राहतं. थोडी ऊर्जा हवेच्या विरोधात जाते, टायरमध्ये जाते. उरलेली एकतर इंजिन खातं, नाहीतर ब्रेक. मी चौथ्या गिअरमध्ये उतरून जवळजवळ सगळीच ब्रेकला खायला घातली होती. भाचा ते कागदावर बघून बराच वेळ गप्प होता. मीही. गाडीच्या कुठल्याही भागाचा दोष असला तरी पहिला दोष गिअरचा होता. ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे बाबा सांगायचे. मी ते जुन्या गाड्यांसाठी असेल असं समजून सोडून दिलं होतं.

तरीही अपग्रेडचा विषय आम्ही नीट तपासला. मोठी डिस्क जास्त उष्णता साठवते आणि लवकर निवते, हे खरं आहे. पण आमच्या गाडीची चाकं १४ इंची; त्यात फार मोठी डिस्क बसत नाही. चाकं बदलायची, मग टायर बदलायचे. मोठ्या पिस्टनचा कॅलिपर लावला तर त्याला ढकलायला जास्त ऑईल लागतं, म्हणजे पेडल खोल जाणार. ते टाळायला मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलच्या जोराने ऑईल ढकलणारा पंप, बदला. आणि पुढचे ब्रेक एकदम जोरदार झाले की मागच्या-पुढच्याचा तोल बिघडतो. एबीएस नसलेल्या गाडीत हा तोल कंपनीने हिशेबाने बसवलेला असतो. पावसाळी रस्त्यावर पुढची चाकं आधीच जाम झाली तर स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाते. मागे डिस्क बसवायच्या तर हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला भाग, बदला, हँडब्रेकची नवी तजवीज करा. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीने बोट दाखवलं तर उत्तर काय देणार?

भोकांच्या डिस्क मी कुर्ल्याला सीएसटी रोडवर प्रत्यक्ष हातात घेऊन बघितल्या. दिसायला सुंदर. त्या भोकांचा उगम शर्यतीतला. जुन्या काळचे पॅड तापले की त्यांतून वायू निघायचा, त्याला वाट मिळावी म्हणून. आताच्या पॅडमधून तसा वायू फारसा निघत नाही. पावसात डिस्कवरचा पाण्याचा थर थोडा लवकर निघतो एवढा फायदा. पण भोकांमुळे धातू कमी होतो, म्हणजे उष्णता साठवायची जागा कमी, आणि भोकांच्या कडेपासून तडे सुरू होऊ शकतात. घाटासाठी म्हणून घ्यायला गेले आणि घाटासाठीच ती निवड चुकीची निघाली. त्याच रस्त्यावर जुन्या गाड्यांचे काढलेले कॅलिपर, ड्रम, अगदी अर्धवट झिजलेल्या डिस्कही मिळतात. आरसा, दाराचं हँडल जुनं घ्या, हरकत नाही. ब्रेकचं काहीही जुनं घेऊ नका, हे मी हात जोडून सांगते.

खरेदीला शनिवारी ऑपेरा हाउसला गेले. विक्रोळीहून दादर, तिथून चर्नी रोड. भडकमकर मार्गाच्या त्या टोकाला आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं ओळीने आहेत. काउंटर चार फुटांचं आणि मागे छतापर्यंत खोकी. मी जुनी डिस्क सोबत नेली नाही, पण गाडीचा चासी नंबर आणि डिस्कचे फोटो होते. चासी नंबर हीच खरी ओळख. नुसतं ‘स्विफ्ट’ सांगितलं तर दुकानदार विचारतो कुठल्या सालची, पेट्रोल की डिझेल, एबीएसवाली की बिगर एबीएस. एका नावाखाली तीन-चार प्रकारचे भाग निघतात.

पहिल्या दुकानात मला कंपनीच्या नावाचे पॅड निम्म्या किमतीत दाखवले. खोकं हुबेहूब. पण छपाई किंचित फिकी, होलोग्राम तिरका करून पाहिला तरी चित्र बदलेना, आणि पॅडच्या पाठीवर नंबरच नव्हता. बिल मागितलं तर म्हणाले, बिलाशिवायचा भाव आहे हा. मी आभार मानून बाहेर आले. खोटा फिल्टर लावला तर इंजिन कुरकुरेल. खोटा पॅड लावला तर तो कधी कळेल हे सांगता येत नाही, आणि कळण्याची जागा बहुतेक वेळा वाईट असते.

दुसऱ्या दुकानातले शेठ वयस्कर होते. त्यांनी बसायला स्टूल दिलं आणि तीन प्रकारचे पॅड काउंटरवर ओळीने मांडले. ‘ताई, गाडी कुठे चालते ते सांगा आधी.’ मी सांगितलं: रोज विक्रोळी ते अंधेरी, जोगेश्वरी–विक्रोळी जोडरस्त्यावरून, म्हणजे बंपर टू बंपर, आणि वर्षातून चार-पाच वेळा घाट, पुण्याला किंवा गणपतीत कशेडीवरून कोकणात. ते म्हणाले, मग ऑर्गॅनिक नको. ऑर्गॅनिक पॅड मऊ, बिनआवाजाचे, डिस्कला जपणारे, पण तापले की लवकर हार मानतात. पूर्ण धातूमिश्रित पॅड उष्णतेला दणकट, पण सकाळी थंड असताना चावा, म्हणजे पकड, कमी, आवाज जास्त, चाकं काळी होतात आणि डिस्क लवकर झिजते. मधला मार्ग म्हणजे कमी धातूचे किंवा सिरॅमिक. पॅडच्या कडेवर त्यांनी मला दोन अक्षरं दाखवली, जी मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. पहिलं अक्षर साध्या तापमानातल्या घर्षणाचं, दुसरं तापल्यानंतरच्या. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी त्याच्या वर. एका पॅडवर ‘एफई’ होतं, म्हणजे तापल्यावर पकड उतरणार. मी ‘एफएफ’ घेतले: थंड असताना जेवढे धरतात साधारण तेवढेच तापल्यावरही. ‘जीजी’ही होते त्यांच्याकडे, पण शेठच म्हणाले, मागे ड्रम आहेत, पुढे एवढा चावा कशाला. त्या अक्षरांवरून पॅड किती टिकेल किंवा किती चांगला बनवलाय हे कळत नाही, हेही त्यांनी आपणहून सांगितलं. टिकण्यासाठी नावाजलेल्या उत्पादकाचा माल आणि पक्कं बिल, दुसरा उपाय नाही. बॉश, ब्रेम्बो, राणे, अलाइड निप्पॉन, कंपनीचा स्वतःचा, सगळे होते. मी मूळ मापाच्या सपाट डिस्क कंपनीच्या घेतल्या आणि पॅड बाहेरच्या उत्पादकाचे.

होजचा, म्हणजे चाकापर्यंत ऑईल नेणाऱ्या लवचीक नळ्यांचा, प्रश्न उरला होता. भाच्याला स्टीलच्या विणीचे हवे होते. ते फुगत नाहीत, पेडल कडक लागतं, हे बरोबर. पण आतला पाइप खराब झाला, चिरला तर विणीमुळे बाहेरून दिसत नाही. आमच्याकडे गाडी दहा वर्षं रस्त्यावर उभी राहते, पाऊस-ऊन खाते. मला डोळ्यांनी तपासता येईल असा साधा नवा रबरी होज हवा होता. अकरा वर्षांच्या जुन्या होजच्या जागी नवा मूळ होज लावणं हेसुद्धा अपग्रेडच आहे, हे शेवटी भाच्यानेही मान्य केलं. ऑईल मात्र एक पायरी वरचं घेतलं: डॉट ४, जे कोरडं असताना २३० अंशांना आणि पाणी मुरल्यावरही १५५ ला टिकतं. डॉट ३च्या जागी ते चालतं. डॉट ५ नावाचं वेगळं सिलिकॉनचं असतं, ते चुकूनही यात घालायचं नाही. बाटली सीलबंदच घ्यायची; गॅरेजच्या फळीवरची अर्धी उघडी बाटली महिनाभरात हवेतली ओल पिऊन बसलेली असते.

पुढच्या रविवारी मेस्त्रींकडे काम चाललं ते सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. मी पूर्ण वेळ थांबले. डिस्क बसवण्याआधी त्यांनी हबचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने चमकेपर्यंत घासला. कणभर गंज मध्ये राहिला तर डिस्क कागदाच्या जाडीइतकी तिरपी बसते आणि काही दिवसांनी पेडलला थरथर जाणवायला लागते. लोक मग ‘डिस्क वाकडी निघाली’ म्हणून दुकानदाराशी भांडतात. नवी पिन, नवं रबर, सिलिकॉनचं ग्रीस. कॅलिपर बसवल्यावर त्यांनी मला बोलावलं, ‘बोटाने सरकवा.’ एका बोटाने सरकला. काही दिवसांपूर्वी त्याची पिन पक्कड लावून काढावी लागली होती.

ऑईलच्या नळ्यांतली हवा काढताना पेडलवर मी बसले. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यांत लांबचं म्हणून मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात. चाकाखालून मेस्त्रींचा आवाज: ‘दाबा… दाबा… दाबा… धरून ठेवा.’ मग निपल, म्हणजे हवा बाहेर सोडणारा छोटा स्क्रू, सैल व्हायचा, पाय खाली जायचा. ‘सोडू नका!’ निपल आवळला की, ‘सोडा.’ पारदर्शक नळीतून बाटलीत आधी काळपट ऑईल आलं, मग बुडबुडे, मग हळूहळू सोनेरी. चौथ्या चाकापर्यंत माझी पोटरी भरून आली होती. पण प्रत्येक चाकागणिक पेडल वर येत असलेलं पायाला कळत होतं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा घाटातली भीती थोडी ओसरली.

सगळं मिळून भाग आणि मजुरी धरून १२,४४० रुपये झाले. मोठ्या डिस्क आणि कॅलिपरच्या संचाला याच्या कितीतरी पट गेले असते.

निघताना मेस्त्रींनी टायरवर पाय ठेवला. ‘ब्रेक चाक थांबवतो, ताई. गाडी टायर थांबवतं.’ टायरच्या कडेवर चार आकडे असतात. आमच्यावर २३१७, म्हणजे २०१७चा तेविसावा आठवडा. खाचा अजून दिसत होत्या, कायद्याच्या १.६ मिलिमीटरपेक्षा जास्तच, पण रबर दगडासारखं. नखाने दाबलं तर खूणही उठेना. त्या महिन्यात पैसे नव्हते. डिसेंबरच्या पगारात चारही टायर बदलले, आणि खरं सांगते, ओल्या रस्त्यावर जो फरक पडला तो त्यानेच सगळ्यांत जास्त पडला.

नवे पॅड लगेच पूर्ण धरत नाहीत. त्यांचा मसाला डिस्कवर एकसारखा बसावा लागतो. पुढच्या रविवारी पहाटे साडेपाचला मी आणि भाचा मुलुंड–ऐरोली पूल ओलांडून रबाळ्याच्या एमआयडीसीत गेलो. तिथले रस्ते रुंद आणि त्या वेळी रिकामे. मागे कोणी नाही हे भाचा बघायचा. मी पन्नासचा वेग घ्यायचा, एकसारखा दाब देत पंधरापर्यंत आणायचा, थांबायचं नाही, पुन्हा पन्नास. असं दहा वेळा. तापलेला पॅड थांबलेल्या डिस्कवर दाबून धरला तर तिथे डाग बसतो, म्हणून पूर्ण थांबायचं टाळलं. सातव्या-आठव्या वेळी किंचित वास आला आणि त्यानंतर पेडलचा चावा बदलला; कमी दाबात जास्त काम. मग ब्रेकला फारसा हात न लावता वीस मिनिटं हळू चालवून सगळं निवू दिलं.

हजार किलोमीटरनंतर मेस्त्रींनी परत बोलावलं होतं, मागचे लायनर बसले की हँडब्रेक सैल होतो म्हणून. दोन दातांनी आवळला. पुढचं डावं चाक त्यांनी पुन्हा काढलं आणि आतला-बाहेरचा पॅड दोन्ही मोजले. दोन्ही साडेनऊ. एका पावसाळ्यानंतर पिन पुन्हा काढून बघायच्या असं ठरलं, आणि बाबांच्या वहीत ऑगस्ट २०१८च्या खाली मी पुढची ओळ लिहिली: ब्रेक ऑईल बदलले, डॉट ४, नोव्हेंबर २०२४. जानेवारीत पुण्याला गेलो तेव्हा परतताना त्याच जुन्या रस्त्याने दुसऱ्या गिअरमध्ये खाली उतरले. मागचे दोन ट्रक हॉर्न वाजवत होते. शिंगरोबाला आईने काचेतूनच हात जोडले.